हिकरीचे धनुष्य आणि लाकडाची पारख

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील अरण्यांत ओकच्या सोबतीने वाढणारा, अक्रोडाच्या कुळातील हिकरी हा वृक्ष कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीच्या चाकांचे आरे यांसाठी जसा नावाजला, तसाच तेथील चेरोकी या मूलनिवासी लोकांच्या धनुष्यांसाठीही तो मान्यता पावला. आणि सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांना त्यांच्या सैनिकांनी ‘ओल्ड हिकरी’ हा किताब बहाल केला, तोही या लाकडाच्या चिवटपणावरूनच. तथापि ओंडक्याचा कोणताही भाग उचलून त्याचे उत्तम धनुष्य होईल, असे मात्र नाही.

धनुष्य ओढले असता त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते आणि धनुर्धराकडील पोट दाबले जाते. हिकरीची ताण सोसण्याची शक्ती असामान्य असली, तरी दाबापुढे ती तितकी खंबीर नाही. म्हणून तिच्या धनुष्याचे बाहू रुंद आणि चपटे ठेवण्याचा दस्तूर पडला. पाठीवरील तंतू मध्येच तुटले, की तेथूनच चीर उठते. यास्तव एकच वार्षिक वलय पाठीवर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहावे, ही या कारागिरीची पहिली अट होय. धनुष्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओसेज ऑरेंज या दुसऱ्या झाडाच्या लाकडात असे वलय गाठण्यासाठी बाहेरचे रसकाष्ठ तासून काढावे लागते. हिकरीत मात्र सालीखालचा पांढरा थरच उत्कृष्ट पाठ ठरतो, आणि वसंतात झाड तोडल्यास साल सहज सुटून ती पाठ जणू निसर्गानेच घडवलेली हाती येते.

पांढरे लाकूड श्रेष्ठ आणि गाभ्याचे तांबूस लाकूड हलक्या प्रतीचे, हा व्यापाऱ्यांचा जुना समज अमेरिकेच्या वनखात्याने विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या परीक्षणांत टिकला नाही. वजन सारखे असल्यास बळही सारखेच आढळले. तेव्हा पारख करावयाची ती रंगाची नव्हे. सालीच्या रेषा पीळ न घेता सरळ वर गेलेल्या आहेत काय, गाठी कितपत आहेत, वलयांतील सच्छिद्र वासंतिक थर पातळ आणि घन थर जाड आहे काय, याची खातरजमा करून बुंध्याचा निर्दोष भाग निवडावा, तो करवतीने न चिरता पाचरींनी फोडावा, म्हणजे तंतूंची वाट आपोआप उघड होते, आणि मध्यावरील भेंडाचा भाग टाकून द्यावा.

यानंतर टोके रंगाने वा सरसाने बंद करावीत, नाहीतर ती तडकतात. सालही त्वरित काढावी, कारण तिच्याखाली भुंगेरे पोसले जातात. हिकरी हवेतील ओल त्वरेने शोषते आणि ओलसर धनुष्याला कायमचा बाक येतो. म्हणून लाकडातील आर्द्रता शेकडा ६ ते ८ वर येईपर्यंत धीर धरावा.

अखंड तंतू आणि पुरती शुष्कता, या दोहोंपुढे लाकडाचा रंग गौण होय. हिकरीचे धनुष्य घडवू इच्छिणाऱ्याने आपली दृष्टी प्रथम तंतूंवरच ठेवावी.