खोडणें आणि पुसणें

नाशिकच्या इंदिरानगरांत वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज इमारतींची दाटी आहे. पण घर घेणारा गृहस्थ कागद दाखवावयास वकिलाकडे गेला कीं त्या इमारतींखालचीं शेतें पुन्हा डोळ्यांपुढें येतात. कारण वकील जुने सात-बारा उतारे मागतो. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं घर घेतलें असेल त्यांना हे उतारे आठवतील. हस्तलिखित उताऱ्यांत मयत खातेदाराचें नांव कंसांत घातलेलें असे, शेजारीं फेरफाराचा क्रमांक आणि खालीं वारसांचीं नांवें. फिटलेल्या कर्जाचा बोजाहि तसाच कंसांत जाई. २०२० सालीं उताऱ्याचा नमुना बदलला, तेव्हांपासून अशा कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ दिसते. कंस असो वा रेघ असो, खालचें अक्षर वाचतां येतें, आणि वकिलाला हवें असतें तें नेमकें तेंच. तें नांव रबरानें पुसलें असतें, तर घर घेणाऱ्याची जन्माची पुंजी एका कोऱ्या जागेवर विसंबली असती.

संगणकाच्या व्यवहारांत या रीतीला ‘सॉफ्ट डिलीट’ म्हणतात. आपण तिला खोडणें म्हणूं. नोंद तक्त्यांतून काढून न टाकतां ती केव्हां, कोणीं व कशासाठीं रद्द केली एवढें तिच्यापुढें लिहावयाचें. पुढें कोणी यादी मागितली म्हणजे संगणक अशी नोंद वगळून बाकीच्या दाखवितो. चूक ध्यानांत आली कीं खूण काढावी. नोंद जागेवर येते. पुसणें याहून निराळें. तेथें अक्षरच उरत नाहीं.

हा भेद आतां फार जपावा लागतो, याचें कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट. मुखत्यार जसा धन्याच्या वतीनें कामें उरकतो, तसा हा एजंट त्याला दिलेलीं साधनें वापरून पत्रें पाठवितो, हिशेब भरतो, नोंदी बदलतो. २०२५ च्या जुलै महिन्यांत रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या अशाच एका एजंटानें एका उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. परवानगीवांचून कांहीं बदलूं नये, अशी ताकीद त्याला वारंवार दिलेली होती. शिवाय गेलेली माहिती परत मिळणार नाहीं, असेंहि त्यानें सांगितलें. सुदैवानें तें खोटें ठरलें. कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर दिलगिरी व्यक्त केली, व प्रयोगाचा साठा आणि चालू साठा वेगळे ठेवण्याची तजवीज केली. ताकीद शब्दांत होती, आणि किल्ली एजंटाच्या कमरेला होती.

महसूल खात्यानें ही किल्ली फार पूर्वीं वेगळी केली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५० प्रमाणें फेरफाराची नोंद तलाठी लिहितो, संबंधितांस नोटिसा जातात, हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. तलाठी कितीहि सचोटीचा असला तरी त्याच्या एकट्याच्या लेखणीनें कोणाचें नांव कमी होत नाहीं.

एजंटाच्या बाबतींत हेंच करावयाचें. समजा, इंदिरानगरांतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेनें सभासदांची यादी एजंटाकडे सोंपविली आणि चिटणीस म्हणाले, “पाटलांनीं घर विकलें, त्यांचें नांव काढा.” संस्थेंत पाटील तिघे! एजंटानें येथें शिफारस लिहून ठेवावी. नांव खोडण्याचें साधन व्यवस्थापकाच्याच हातीं असावें. मागणारा कोण हें पाहण्याचें काम जेथें माहिती ठेवलेली असते त्या संगणकानें करावें, एजंटाच्या समजुतीवर तें सोडूं नये. ज्याला अधिकार नाहीं त्याच्या यादींत तें साधन दिसूंच नये हें उत्तम.

असें असूनहि साधनाचें वर्णन नीट लिहावें लागतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत जाहीर केली. तींत प्रत्येक साधनाचें नांव व वर्णन एजंटाला वाचावयास मिळतें, आणि तें साधन नासधूस करणारें आहे अशी खूणहि जोडतां येते. मात्र ही खूण सूचनेपुरतीच आहे, तिच्यावर आंधळा भरंवसा ठेवूं नये, असें त्या नियमावलींतच बजाविलें आहे. वर्णनांत नुसतें ‘नोंद काढतें’ इतकेंच लिहिलें, तर माहिती कायमची गेली असें एजंट धन्याला खुशाल सांगेल. म्हणून नोंद केवळ झांकली जाते, कारण लिहिल्यावांचून साधन चालत नाहीं, परत आणण्याचें साधन अमुक, हें सारें स्पष्ट असावें. आणि नकार मिळाल्यास काय करावें, हेंहि असावें. हें वाक्य बहुधा राहून जातें. खोडण्याची मनाई आहे असें दिसतांच एजंट दुरुस्तीचें साधन उचलून तीच नोंद रिकामी करूं शकतो. नांवाच्या जागीं एक टिंब ठेवलें कीं काम झालें! तेव्हां नकार आल्यास थांबावें व माणसाला कळवावें, असें लिहावें, आणि दुरुस्तीच्या साधनानेंहि जुना मजकूर जपून ठेवावा. कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालींत प्रत्येक बदलाचा असा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करतां येतां कामा नये, असा नियम भारतांत १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

पुसण्याची गरज कधींच नसते, असें मात्र नाहीं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्यें आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क सांगितला आहे, आणि झांकलेली नोंद म्हणजे पुसलेली नोंद नव्हे. घर विकून गेलेल्या पाटलांचें नांव संस्थेच्या सभासद-नोंदवहींत सभासदत्व संपल्याच्या तारखेसह राहील. निरोपांच्या यादींतील त्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक त्यांनीं मागणी केल्यास खरोखरच पुसावा लागेल, आणि त्या साधनाची किल्ली खोडण्याच्या किल्लीहून निराळी ठेवावी लागेल.