राज्यस्तरीय बँकर्स समिती : स्वरूप, कार्य व मर्यादा

बँकांच्या संघटना सामान्यतः दोन हेतूंनी अस्तित्वात येतात. १९४६ साली मुंबईत स्थापन झालेली इंडियन बँक्स असोसिएशन ही पहिल्या प्रकारची संघटना होय. सभासद बँकांच्या समान प्रश्नांचा एकत्रित विचार करणे हे तिचे प्रयोजन. दुसऱ्या प्रकारच्या संघटनेचा उगम बँकांच्या गरजेत नसून प्रदेशाच्या गरजेत असतो. प्रत्येक राज्यात कार्य करणारी राज्यस्तरीय बँकर्स समिती ही या दुसऱ्या प्रकारात मोडते.

या समितीची वैचारिक पार्श्वभूमी महाराष्ट्राला परिचित आहे. राष्ट्रीय पतपुरवठा परिषदेने नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्ष, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची जडणघडण करणारे प्रा. धनंजयराव गाडगीळ, हे होते. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपैकी जेमतेम ५,००० खेड्यांपर्यंत व्यापारी बँका पोहोचल्या आहेत, असे या गटास आढळले. ऑक्टोबर १९६९ च्या अहवालात गटाने ‘क्षेत्रीय दृष्टिकोन’ पुरस्कारिला. पतपुरवठ्याचे नियोजन बँकनिहाय न करता प्रदेशनिहाय करावे, हे त्याचे सूत्र. नरिमन समितीने त्यास व्यवहार्य रूप दिले आणि चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९६९ मध्ये, अग्रणी बँक योजना सुरू झाली. या योजनेनुसार प्रत्येक जिल्हा एका बँकेकडे सोपविण्यात आला. जिल्ह्यांच्या कार्याचा राज्यपातळीवर मेळ घालण्यासाठी १९७७ साली राज्यस्तरीय समित्या निर्माण झाल्या. महाराष्ट्रात या समितीचे निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

समितीचे काम खालून वर चालते. नाबार्ड प्रत्येक जिल्ह्यातील शेती, लघुउद्योग इत्यादी क्षेत्रांत किती कर्ज उत्पादक रीतीने वापरले जाऊ शकेल याचा अंदाज बांधते. त्या आधारे वार्षिक पतपुरवठा आराखडा तयार होतो. तालुक्याच्या समितीत त्याची छाननी होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा सल्लागार समितीत त्यास मान्यता मिळते आणि अखेरीस राज्यसमिती त्याचे एकत्रीकरण करून तिमाही आढावा घेते. या आढाव्यात व्यापारी बँका, राज्य सहकारी बँक, रिझर्व्ह बँक, नाबार्ड आणि राज्य शासन समोरासमोर येतात.

या समन्वयाचे महत्त्व संकटकाळी विशेष जाणवते. अवर्षण वा अतिवृष्टी जाहीर झाल्यावर पीककर्जाच्या पुनर्गठनाचा विचार करण्यासाठी समितीची बैठक बोलाविली जाते. त्यामुळे एकाच शिवारातील दोन शेतकऱ्यांना दोन बँकांनी निरनिराळी वागणूक देण्याचा संभव घटतो. पुनर्गठनासाठी आवश्यक मानलेली पीकहानीची मर्यादा २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली, त्यामुळे या कार्याची व्याप्ती वाढली. नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका गेल्या दशकात अडचणीत आल्या, तेव्हा त्या जिल्ह्यांतील पीककर्जाचा भार व्यापारी बँकांकडे वळविणे भाग पडले. पेरणी कर्जासाठी थांबत नाही. मृगाच्या सुमारास बँकेचे कर्ज हाती न आल्यास शेतकऱ्यास सावकाराचे दार गाठावे लागते.

तथापि, समितीच्या अधिकाराची मर्यादा स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. ती स्वतः कर्ज देत नाही. कर्ज नाकारणाऱ्या बँकेस दंडही करू शकत नाही. कर्जमंजुरीचा निर्णय अखेर त्या त्या बँकेचाच असतो. समितीचे बळ माहिती, तुलना आणि सर्वांदेखत द्यावा लागणारा जाब यांत आहे. म्हणूनच तिच्यापुढे माहिती कोणत्या स्वरूपात मांडली जाते, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

कर्ज-ठेव गुणोत्तराचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट उघड होईल. समजा, एखाद्या राज्यात दोनच जिल्हे आहेत. महानगरी जिल्ह्यात ठेवी ९०० कोटी रुपये आणि कर्जेही ९०० कोटी; ग्रामीण जिल्ह्यात ठेवी १०० कोटी आणि कर्जे केवळ ४० कोटी. राज्याचे गुणोत्तर ९४ टक्के येते आणि ते समाधानकारक भासते. प्रत्यक्षात ग्रामीण जिल्ह्यातील ६० टक्के ठेवींइतके कर्ज त्या जिल्ह्यात दिले गेलेले नाही. शिवाय महानगरातील शाखेने मंजूर केलेले कर्ज अन्य राज्यातील कारखान्यातही वापरले जाऊ शकते. मुंबई ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या सरासरीकडे या दोन्ही कारणांनी सावधपणे पाहणे आवश्यक आहे.

रिझर्व्ह बँकेनेही ही अडचण ओळखली. २००५ च्या सूचनांनुसार राज्यपातळीवर कर्जाची गणना मंजुरीच्या स्थळाऐवजी वापराच्या स्थळानुसार करावयाची होती. ४० टक्क्यांहून कमी गुणोत्तर असलेल्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र उपसमित्या नेमण्याचे ठरले, तर ४० ते ६० टक्क्यांमधील जिल्ह्यांवर जिल्हा सल्लागार समितीने लक्ष ठेवावयाचे होते. म्हणजे सरासरीआड दडलेला जिल्हा पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आणण्याचा हा प्रयत्न होता. गाडगीळ गटाच्या मूळ विचाराशी तो सुसंगतच होय.

सारांश, बँकर्स समितीच्या यशाचे मोजमाप राज्याच्या एकूण उद्दिष्टपूर्तीवरून करणे अपुरे ठरते. जिल्हानिहाय, क्षेत्रनिहाय आणि हंगामनिहाय आकडे तपासल्यावाचून तिच्या कार्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. मार्चअखेर पूर्ण झालेले उद्दिष्ट जूनमधील पेरणीच्या वेळी कितपत उपयोगी पडले, हा प्रश्न समितीच्या प्रत्येक तिमाही बैठकीत विचारला जाणे आवश्यक आहे. सक्तीचा अधिकार नसलेल्या संस्थेजवळ प्रश्न विचारण्याचा अधिकार तरी असतोच, आणि तो किती नेमकेपणाने वापरला जातो यावर तिची उपयुक्तता अवलंबून राहते.