अणुवीज केंद्र मोडण्याची रंगीत तालीम

अणुवीज केंद्र बंद झाले, इंधनही काढून नेले, तरी वास्तू लगेच निर्धोक होत नाही. वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेल्या पोलादातील कोबाल्ट-59 चे काही प्रमाणात कोबाल्ट-60 झालेले असते. त्याचे अर्धायुष्य 5.27 वर्षांचे, म्हणजे साडेदहा वर्षांनंतरही त्याचा चौथा हिस्सा शिल्लक राहतो. शिवाय गंजाचे किरणोत्सारी कण पाण्याबरोबर वाहत जाऊन दूरच्या नळ्यांत व झडपांत साचलेले असतात. अशा ठिकाणी कामगारांना कापाकापी करावी लागते. गॅमा किरण तर दिसत नाहीत. मग कोठे उभे राहावे आणि किती वेळ, हे कसे ठरवायचे?

याचे एक उत्तर म्हणजे वास्तूची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती. प्रथम मूळ आराखड्यांवरून भिंती, टाक्या, नळ्या संगणकात उभ्या करतात. लेसर किरण पृष्ठभागावरून परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजता येते. अशा लाखो बिंदूंतून खोलीचा खरा आकार मिळतो. मग ठिकठिकाणी मोजलेली प्रारणाची तीव्रता प्रतिकृतीत भरतात. उगमापासूनचे अंतर आणि मधल्या भिंतींची जाडी ठाऊक असल्याने न मोजलेल्या जागेवरील तीव्रतेचाही अंदाज संगणक देऊ शकतो.

जपानमधील फुगेन हे 165 मेगावॉटचे केंद्र मार्च 2003 मध्ये कायमचे बंद झाले. (फुगेन हे समंतभद्र बोधिसत्त्वाचे जपानी नाव.) ते मोडण्याच्या आखणीसाठी नॉर्वेतील हाल्डेन येथील संशोधकांच्या साहाय्याने ‘व्हीआरडोस’ ही प्रणाली तयार करण्यात आली. तीत संगणकावरील मानवाकृतींकडून काम करवून घेता येते आणि प्रत्येकीला किती प्रारणमात्रा मिळेल हे पाहता येते.

याचा उपयोग एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका खोलीत एक किरणोत्सारी नळी व तिच्याजवळ हवेची एक वाहिनी आहे. वाहिनी काढण्यास 5 तास लागतात आणि तेथे नळीमुळे ताशी 0.4 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. नळी काढण्यास अर्धाच तास लागतो, पण तिच्याजवळ मात्रा ताशी 1.2 मिलिसीव्हर्ट आहे. आधी वाहिनी काढली तर एकूण मात्रा 2 + 0.6 = 2.6 मिलिसीव्हर्ट. आधी नळी काढली आणि नंतर वाहिनीजवळ ताशी 0.02 मिलिसीव्हर्टच उरले, तर 0.6 + 0.1 = 0.7 मिलिसीव्हर्ट. माणसे तीच, काम तेच. केवळ क्रम बदलल्याने मात्रा जवळजवळ पाव झाली. कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्टची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते. मात्र वाहिनी जागेवर असताना नळीपर्यंत हात पोहोचेल काय? तेही प्रतिकृतीतच तपासून पाहता येते.

अर्थात प्रतिकृती तिच्यात भरलेल्या माहितीइतकीच विश्वासार्ह. चाळीस वर्षांत एखादी नळी बदलली गेली आणि आराखड्यावर तिची नोंद झाली नाही, तर संगणक निर्धास्तपणे चुकीचा रस्ता दाखवील. प्रत्येक भाग काढल्यावर प्रारणाची वाटणीही बदलते. म्हणून मोजणी पुन्हा करून प्रतिकृती सुधारत राहावे लागते, आणि कामगाराच्या छातीवरील मात्रामापक तालीम कितीही चांगली झाली तरी काढता येत नाही.

2018 मध्ये हाल्डेनची स्वतःची अणुभट्टीही कायमची बंद झाली. वीज देऊन थकलेली केंद्रे जगभर वाढत जाणार आहेत. ती मोडणाऱ्या हातांना कमीत कमी मात्रा मिळावी, यासाठी चुका करायच्या त्या संगणकावरच केलेल्या बऱ्या.