मोटारीतील नभोवाणी मुकी का होते?

मोटारीत नवा स्टिरिओ बसवून घेतला की पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. एफ. एम. स्वच्छ ऐकू येते, गाणी मनाजोगती वाजतात. मग एके सकाळी कोणी मध्यमलहरींवरील बातम्या लावू पाहतो, तो काय, केंद्राच्या जागी नुसती खरखर! दोष नव्या यंत्राला दिला जातो आणि ते बदलण्यात पुन्हा हजारो रुपये जातात. पुष्कळदा यंत्र बिचारे निर्दोष असते.

प्रथम घरातील साध्या ट्रान्झिस्टरवर तेच केंद्र लागते की नाही ते पाहावे. आकाशवाणीचे काही मध्यमलहरी प्रक्षेपक अलीकडच्या वर्षांत बंद झाले आहेत. नसलेल्या केंद्रासाठी मोटार उघडण्यात अर्थ नाही.

एफ. एम. चांगले आणि मध्यमलहरी वाईट, ही विसंगतीच निदानाची किल्ली होय. 100 मेगाहर्ट्झच्या एफ. एम. लहरीची लांबी 3 मीटर. तिला पाऊण मीटरचा दांडा अगदी पुरेसा. उलट 648 किलोहर्ट्झची मध्यमलहर 460 मीटरांहून लांब असते. तिच्यापुढे मोटारीची एरियल म्हणजे समुद्रापुढे धरलेली पळी. हाती लागलेला संदेश इतका क्षीण, की जोडाला गंज चढला किंवा तार उगीच लांबविली, तरी तो वाटेतच विरतो. एफ. एम. असले दोष बऱ्याच अंशी पोटात घालते.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत छपरावरची एरियल आखूड असते, किंवा काचेवर छापलेल्या तारा तिचे काम करतात. त्यांच्या बुडाशी एक लहानसा वर्धक असतो व त्याला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो. कित्येक मोटारींत मूळचे यंत्र हा पुरवठा एरियलच्या तारेतूनच पाठविते; बाजारातून घेतलेले सहसा पाठवीत नाही. त्याच्या पाठीमागील जुडग्यात यासाठी बहुधा एक निळी वायर दिलेली असते. बसविणारा कारागीर तिला टेप गुंडाळून आत कोंबतो. गाणी वाजताहेत ना, मग झाले! यंत्राची पुस्तिका पाहून ती वायर वर्धकापर्यंत पोहोचवावी. पुरवठा एरियलच्या तारेतून जात असेल, तर त्यासाठी तयार जोडणी मिळते. एवढ्याने मुके केंद्र बोलू लागल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

परदेशातून आणलेल्या यंत्रांचा घोटाळा निराळा. 1975 च्या जिनिव्हा परिषदेतील निर्णयानुसार 23 नोव्हेंबर 1978 पासून आशिया, युरोप व आफ्रिका येथील मध्यमलहरी केंद्रांत 9 किलोहर्ट्झांचे अंतर ठेवले जाते. अमेरिकेत ते 10 आहे. अमेरिकन मांडणीवर राहिलेले यंत्र 640 वरून एकदम 650 वर उडी घेते. इंदूरकरांच्या परिचयाचा 648 हा आकडा त्याला सापडतच नाही, आणि पुणेकरांच्या 792 चीही तीच गत. आवाज येतो, पण फाटका. यंत्राच्या मांडणीत प्रदेश बदलण्याची सोय बहुधा असते. काम दोन मिनिटांचे.

केंद्र लागूनही कुरकुर राहिली, तर इंजिन बंद करून केवळ यंत्र चालू ठेवावे. कुरकुर गेली, तर संशय ठिणगीवर किंवा आल्टरनेटरवर जातो. पहिलीची कडकड, दुसऱ्याची शिटी. दोन्ही इंजिनाच्या वेगाबरोबर चढतात. इंजिन बंद असूनही ती राहिली, तर मोबाइलचा चार्जर, काचेवरचा कॅमेरा, हौसेने बदललेले एल. ई. डी. दिवे एकेक करून काढून पाहावेत. स्वस्त चार्जर तर या बाबतीत मोठा उपद्रवी. शेवटी एरियलची पिन यंत्रातून उपसावी. कुरकुर थांबली, तर ती एरियलवाटे येत होती; अशा वेळी एरियलचे बूड पत्र्याला टेकते तेथील गंज खरवडून संबंध पक्का करावा. न थांबली, तर पुरवठ्याच्या तारेवर फिल्टर बसवावा लागतो.

ही सारी परीक्षा दिवसा घ्यावी. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांतील शोषण घटते, शेकडो किलोमीटरांवरची केंद्रे येऊन जवळच्या केंद्राशी झगडू लागतात, आणि दोष मोटारीचा की आकाशाचा हे कळेनासे होते.