अभिव्यक्तिस्वातंत्र्य, शालेय शिक्षणातील

भाषण व अभिव्यक्ती यांच्या स्वातंत्र्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांची विद्यार्थ्यांस जाण देणारे नागरी शिक्षण. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) अन्वये हे स्वातंत्र्य नागरिकांस मिळाले आहे. त्यावर निर्बंध घालण्याची कारणे अनुच्छेद १९ (२) मध्ये नमूद असून हे निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अट १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातली गेली. शाळांतून ही कारणे बहुधा यादीप्रमाणे पाठ करविली जातात. निर्बंध कोणी व कशाच्या आधारे घालावयाचा, हा मूळ प्रश्न बाजूस राहतो.

तो समजण्यास बिजोए इमॅन्युएल वि. केरळ राज्य हा खटला विशेष उपयुक्त आहे. जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. तथापि धर्मश्रद्धेमुळे ती गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. केरळ उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी ही कारवाई अवैध ठरविली. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचे बळ नाही आणि निर्बंध कायद्यानेच घालता येतो, असे न्यायालयाने म्हटले. मौन हाही या स्वातंत्र्याचाच भाग ठरला. आज्ञापालनाला शिस्तीचे सर्वस्व मानणाऱ्या शिक्षकांस हा निर्णय सहजासहजी रुचत नाही; पण म्हणूनच तो वर्गात चर्चिला जाणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत टिंकर खटल्यात (१९६९) व्हिएटनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. शालेय कामकाजात भरीव व्यत्यय येत असल्यासच शाळेने हस्तक्षेप करावा. व्यत्ययाची नुसती भीती पुरेशी नाही, हे सूत्र त्यातून रूढ झाले. पुढे शालेय सभेतील अश्लील सूचक भाषण (१९८६) आणि शाळेचे वृत्तपत्र (१९८८) यांबाबत मात्र न्यायालयाने शाळांचे अधिकार मान्य केले.

अध्यापनात खटल्यातील घटना आधी सांगून निकाल राखून ठेवावा, विद्यार्थ्यांना सकारण निर्णय देण्यास सांगावे व नंतर न्यायालयाचा निर्णय, भिन्नमतासह, त्यांच्यापुढे ठेवावा. टिंकर खटल्यातील न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे भिन्नमत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मतभेद आणि बदनामी, टीका आणि चिथावणी यांतील भेद व्याख्येपेक्षा अशा उदाहरणांनी लवकर उमगतो. अर्थात वर्गात प्रश्न विचारणेच उद्धटपणाचे समजले जात असेल, तर या पाठातून फारसे काही साधत नाही.

समाजमाध्यमांमुळे शाळेची हद्द कोठे संपते, हा नवा प्रश्न उद्भवला. शाळेबाहेर, सुटीच्या दिवशी प्रसृत केलेल्या असभ्य मजकुराबद्दल एका विद्यार्थिनीवर झालेली कारवाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घटनाबाह्य ठरविली. मात्र गंभीर छळ किंवा धमक्या यांबाबत शाळेला शाळेबाहेरही हस्तक्षेप करता येईल, ही शक्यता त्याने खुली ठेवली.