गिअर तारेचा घ्यावा की बॅटरीचा?

पुण्यातल्या वाघोलीत सायकलच्या गिअरचा मोठा वैरी म्हणजे धूळ. दगडखाणी, खडी क्रशर, नगर रोडवरचे डंपर आणि चहूकडे चाललेली बांधकामं. केसनंद फाट्यापर्यंत जाऊन आलं तरी चेनवर राखाडी थर बसतो. रविवारी मी थेऊर, लोणी काळभोर करत दिवे घाटाकडे जाते आणि उरलेल्या वेळात सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करत बसते. त्यामुळे ‘ताई, इलेक्ट्रॉनिक गिअर घेऊ का?’ हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर शर्यतीचे परदेशी सायकलपटू पुण्याच्या रस्त्यांवरून गेले, तेव्हापासून तर फारच.

साधा गिअर म्हणजे स्कूटरच्या क्लच केबलचाच भाऊ. हँडलवरची कळ दाबली की तार ठरावीक मापाने ओढली जाते, तार डिरेलरला हलवते आणि डिरेलर चेनला शेजारच्या चकतीवर ढकलतो. हे ‘ठरावीक माप’ जपानच्या शिमानोने १९८४मध्ये आपल्या ड्युरा-एस या शर्यतीच्या संचात आणलं. त्याआधी चेन नीट बसली की नाही हे स्वार कानाने आणि बोटांनीच ताडायचा. आज अनेक सायकलींच्या मागच्या चाकावरच्या कॅसेटमध्ये बारा चकत्या असतात आणि दोन चकत्यांमधलं अंतर चार मिलिमीटरपेक्षाही कमी. तार आऊटरमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या नळीत, जरा अडकली तरी चेन मधेच कुरकुरते. मोठ्या चकतीकडे जाताना तार तुमचा अंगठा किंवा बोट ओढतं, तिथे जोर लावता येतो. लहान चकतीकडे जाताना मात्र ती परत खेचायला डिरेलरमधली स्प्रिंग तेवढी असते. म्हणून उतारावर गिअर उशिरा पडायला लागला की समजा, आऊटरमध्ये घाण गेली. यावर उपाय काहीशे रुपयांचा: नवी तार, नवं आऊटर. पावसाळा संपला की, खंडेनवमीला सायकलला हार घालायच्या आधी, मी सगळ्यांच्या तारा बदलते.

इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये कळ म्हणजे नुसतं बटण. संदेश वायरीतून किंवा बिनतारी जातो आणि डिरेलरमधली छोटी मोटर चेनला नेमकी तेवढीच सरकवते. पहिल्या दिवशी आणि हजाराव्या दिवशीही माप तेच. फ्रान्सच्या माविकने हा प्रयोग १९९०च्या दशकातच करून पाहिला, पण तो टिकला नाही. खरा जम बसला २००९मध्ये शिमानोच्या डीआय-२ने. २०१५मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने वायरच काढून टाकली. पुढे शर्यतीच्या वरच्या थरातून तार जवळपास हद्दपार झाली. २०२१चा ड्युरा-एस फक्त बॅटरीवर आला. तरी सामान्य स्वारांसाठीच्या १०५ श्रेणीत २०२३मध्ये शिमानोला बारा गिअरचा तारेचा संच काढावाच लागला. (नव्या यंत्रावर नाक मुरडणंही जुनंच आहे: टूर द फ्रान्समध्ये १९३७पर्यंत डिरेलरलाच बंदी होती!)

इलेक्ट्रॉनिकने वेग वाढतो असं दुकानात सांगतात; त्यावर फार विश्वास ठेवू नका. सुख आहे ते पेडलजवळच्या, पुढच्या गिअरचं. घाट सुरू होताना मोठ्या चक्रावरून लहानावर आणि माथ्यावर परत मोठ्यावर जायला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. ज्यांची बोटं संधिवाताने दुखतात किंवा जे दोनशे-तीनशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतात, त्यांच्यासाठी ही चैन नाही. चार्जिंगचं भयही वाजवीपेक्षा जास्त आहे. एका चार्जमध्ये शेकडो किलोमीटर होतात आणि स्रॅममध्ये मागची बॅटरी संपली तर पुढची काढून मागे लावता येते. पण सायकल उजव्या बाजूला पडून डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला, तर दोन्ही गिअर सारखेच रुसतात. शिवाय खड्ड्यात आपटून मोटरवाला डिरेलरच फुटला, तर नवा घ्यायला पाच आकडी रक्कम मोजावी लागते.

माझ्या मते निर्णय गिअर पाहून करूच नये, फ्रेम पाहून करावा. हल्ली हवेचा अडथळा कमी करायला तारा हँडलमधून, ते फ्रेमला जिथे जोडलं जातं त्या हेडसेटमधून, फ्रेमच्या पोटातून नेतात. बाहेरून जाणारी तार मी चहा गार व्हायच्या आत बदलते. पोटातल्या तारेचं आऊटर बदलायचं तर हँडलची टेप सोडा, हेडसेट उघडा, अख्खी सकाळ जाते. साध्या गिअरची खरी खूबी म्हणजे तो कुठेही, कुणालाही दुरुस्त करता येतो. सासवडमधल्या साध्या दुकानातला मेकॅनिकही एक अ‍ॅलन की घेऊन तुम्हाला घरी पाठवू शकतो. तार फ्रेमच्या पोटात लपवली की ती खूबीच जाते आणि धुळीचा त्रास मात्र राहतो.

तेव्हा घेऊ पाहत असलेल्या सायकलच्या तारा बाहेरून दिसत असतील, तर साधा गिअर घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर घाला. तारा हँडलमध्ये शिरून गायब होत असतील आणि खिशाला झेपत असेल, तर मात्र बॅटरीचाच घ्या.