रिव्हॉल्व्हरची मागली खाच

साताऱ्याकडील माझ्या मामांनी आपल्या वडिलांकडून आलेल्या व परवान्यावर रीतसर नोंदवलेल्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे छायाचित्र गेल्या श्रावणात मला सिंगापूरमधील क्लेमेंटीच्या पत्त्यावर धाडले आणि सोबत एवढेच विचारले, की मागच्या खाचेची एक कड उडाली आहे, नवा भाग कोठे मिळत नाही, तू यंत्रांच्या धंद्यातला माणूस आहेस, तर घरच्या कानशीने हे काम निभेल काय? उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण प्रश्न दिसायला खाचेचा असला तरी त्यात भूमिती, धातू आणि कायदा या तिन्हींची गुंतागुंत होती.

नेम धरण्याला आपल्या जुन्या भाषेत 'शिस्त धरणे' म्हणत, आणि त्या शब्दाची अचूकता रिव्हॉल्व्हरवर जशी पटते तशी क्वचितच अन्यत्र पटत असेल. नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेच्या मधोमध यावी, तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखीच बारीक रेघ दिसावी, आणि माशीचा माथा व खाचेच्या कडा एका पातळीत याव्यात, इतकीच ती शिस्त. परंतु माशी व खाच यांमधील अंतर अवघे वीतभर असल्यामुळे येथील केसाएवढी चूक लक्ष्यावर बोट-दोन बोटे होऊन उतरते. हिशेब सोपा आहे: लक्ष्यावरील चुकीला माशी-खाचेच्या अंतराने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. माशी-खाचेत १५ सेंटीमीटर अंतर असेल आणि २५ मीटरवर मार १० सेंटीमीटर डावीकडे पडत असेल, तर खाच उजवीकडे सरकवायची ती फक्त ०.६ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या जाडीइतकी. २५ मीटर पिस्तुलाच्या ज्या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, त्याच्या अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. वरील हिशेबाने त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचा फरक आपल्या वीतभर रिव्हॉल्व्हरच्या खाचेत ०.१५ मिलिमीटर होतो. ही मापे डोळ्याने घ्यायची नसतात.

आता वेब्लीची खरी अडचण. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या .३८ मार्क चार नमुन्याची नळी मधोमध मोडून पुढे झुकते, आणि ती मिटल्यावर मागे रिकिबीच्या आकाराची एक कडी तिला घट्ट धरून ठेवते. नेमाची मागली खाच वेगळा भाग नसून याच कडीच्या माथ्यावर कोरलेली असते. म्हणजे जो तुकडा डोळ्याला वाट दाखवतो तोच बार उडताना नळीला जागेवर आवळून धरतो! कड उडाली म्हणून कडी घासत बसणे म्हणजे दाराची खिडकी दुरुस्त करताना अडसर तासण्यासारखे होय. शिवाय कडी झिजली वा तिच्या स्क्रूत खेळ आला की खाचही प्रत्येक बाराला नवी जागा घेते, आणि अशा वेळी नेम चुकतो तो खाचेमुळे नव्हे, कडीमुळे. नवी कडी मिळण्याचा प्रश्नच फारसा उरलेला नाही, कारण मूळ कंपनीने बंदुकांचे उत्पादन १९७९ साली थांबवले. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हर याच मार्क चारच्या घडणीवर बेतलेले असले, तरी त्याची कडी मार्क चारवर चपखल बसेलच असे गृहीत धरता येत नाही.

ज्या रिव्हॉल्व्हरांची मागची खाच स्क्रूने सरकते, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनची, त्यांची तऱ्हा निराळी. तेथे खाचेचे पाते आडव्या स्क्रूवर चालते, आणि त्या स्क्रूचे टोक पलीकडच्या नटात ठोकून फुलवलेले असल्यामुळे पाते बदलायचे तर स्क्रू मोडावाच लागतो. सबब पात्याबरोबर स्क्रू, नट, स्प्रिंग व टेकणी यांचा संच हाती असल्याखेरीज जुना स्क्रू मोडू नये. भाग दुर्मिळ असतील तेथे कसबी कारागीर पोलादी पट्टीतून नवे पाते कापतो, खाच माशीहून थोडी रुंद ठेवतो आणि चमक मारण्यासाठी त्यावर कापराची काजळी धरतो. स्थिर खाचेत मात्र एकच नियम: डावी कड घासली की मार डावीकडे जातो, उजवी घासली की उजवीकडे, माशी खाली घासली की मार वर चढतो, आणि घासलेले लोखंड परत येत नाही. म्हणूनच जाणकार माशी मुद्दाम उंच ठेवून हळूहळू उतरवतात.

मामांना मी आणखी एक गोष्ट कळवली, जी पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. खाच मूळची निर्दोष असूनही मार वर-खाली पडतो, कारण गोळीचे वजन बदललेले असते. या .३८ शस्त्रासाठी आधी २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने १७८ ग्रेनची कवचाची गोळी स्वीकारली. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्या वेळात धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून तिचा मार सर्वसाधारणपणे वर पडतो. त्याचप्रमाणे उजव्या हाताच्या माणसाने चाप झटक्याने ओढला की मार बहुधा खाली-डावीकडे जातो. यास्तव कानशीला हात घालण्यापूर्वी परवानाप्राप्त मैदानावर हात टेकवून, दोन वेगळ्या व्यक्तींकडून बार उडवून पाहावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मी हे सर्व ज्या गावी बसून लिहितो तेथे या विषयाचा स्पर्शही नाजूक आहे. क्लेमेंटी पोलीस विभागाचे मुख्य ठाणे क्लेमेंटी ॲव्हेन्यू पाचवर आहे, आणि सिंगापूरच्या पोलिसांनीही एकेकाळी वेब्लीच बाळगली होती. त्यांच्या मार्क चारवर रिव्हॉल्व्हरला सहसा न आढळणारा सुरक्षेचा खटकाही असे, पुढे या वेब्लींची जागा ब्राझीलच्या टॉरस ८५ ने घेतली. पण सामान्य नागरिकाला घरी शस्त्र ठेवण्याची येथे सोयच नाही. १९७३च्या कायद्यानुसार बेकायदा बंदूक बाळगणाऱ्याला कैद व फटके, आणि गुन्ह्यात ती चालवणाऱ्याला फाशी. भारतातही १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात शस्त्र बनवणे व विकणे यांच्या रांगेतच 'दुरुस्ती' हा शब्द बसवलेला आहे, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. मला हा निर्बंध जाचक वाटत नाही. कडी घासण्याचे परिणाम पाहता तो योग्यच आहे.

म्हणून मामांना मी लिहिले, की मापे तुम्ही घ्या, हिशेब मी करतो, कानस मात्र परवानाधारक कारागिराच्याच हाती राहू द्या. त्याच्याकडे मोडीत निघालेल्या वेब्लीची कडी असेल तर तीच बसवून घ्यावी. ज्या वाचकांच्या घरी असे परवान्याचे जुने शस्त्र असेल त्यांना माझी विनंती अशी, की ते धड असतानाच, रिकामे असल्याची खात्री करून, व्हर्नियर कॅलिपरने खाचेची रुंदी व खोली, माशीची उंची व जाडी आणि माशी-खाचेतील अंतर मोजून घ्यावे, आणि तो कागद परवान्याच्या दप्तरात जपून ठेवावा.